पाणी चावतं

बेळगाव, हिंडलगा रस्ता
१२ नोव्हेंबर १९७८

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राची वाट बघत बसले होते, मग आठवलं की उत्तर माझ्याकडूनच राहिलंय. रागावू नकोस. सहावा लागल्यापासून बसलं की झोप येते आणि उठलं की काम दिसतं.

घरात पाहुणे आलेत. माणसं नव्हेत, मासे. यांच्या शाळेतल्या एका मास्तरांची मुंबईला बदली झाली, ते जाताना काचेची टाकी आणि सहा मासे यांच्या स्वाधीन करून गेले. बोटाएवढे, तपकिरी ठिपक्यांचे, तोंडाला मांजरासारख्या मिशा. इंग्रजीत कॅटफिश म्हणतात. दिवसभर तळाची वाळू हुंगत फिरतात आणि मधेच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेऊन परत खाली. डोळेसुद्धा मिचकावतात, खोटं नाही सांगत.

हे तर वेडे झालेत. या माशांची पैदास इथं कुणीच केली नाही म्हणे, आपण करून फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायची. तुला ठाऊकच आहे, हे विज्ञानाचे मास्तर आणि रविवारी वस्त्यावस्त्यांतून अंधश्रद्धेवर बोलत फिरणारे. एक गोष्ट डोक्यात शिरली की तीच. थंडीत मासे गारठतील म्हणून पाणी तापवायची नळीही घरीच केली. काचेची मोठी परीक्षानळी, तिच्यात कोरडी वाळू, वाळूत विजेच्या शेगडीची तार, तोंडाला रबरी बूच. बटण दाबलं की पाणी कोमट होतं. शेजारपाजारचे बघायला येतात.

आत्याबाई मात्र टाकीच्या खोलीत बसत नाहीत. म्हणतात, मिशावाल्या बायका घरात कशाला पाहिजेत. त्यांच्या मते सगळ्या मासोळ्या बायकाच.

देवाप्पा दाजींना जयभीम.

तुझी,
अंजना

—

निपाणी
१९ नोव्हेंबर १९७८

चि. अंजना हीस,
अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र बालवाडीत पोरांच्या कालव्यात वाचलं आणि हासले. धर्मराजला म्हणावं, बायकूला सहावा लागलाय, पैदास घरात व्हायचीच हाय, आनि माशांची कशाला.

मिशावाला मासा मला नवा न्हाय. आपल्या सदलग्यात दूधगंगेला शिंगटी गावायची, इसरलीस काय? तिच्या पराला काटा असतो. बाबांच्या तळहातात घुसला हुता तवा दोन दिवस हात सुजून भाकरीएवढा झालता. तू त्या टाकीत हात घालू नगंस. साफसफाई त्याची त्याला करू दे.

आडाचं पाणी तूच वडतीस काय अजून? तसं आसंल तर लक्ष्मीबाईला सांग. तुजी सासू तोंडानं बोलत न्हाय पन जीव लावती. माझ्या लग्नात तिनं तुला पयल्यांदा बघितलं तवाच म्हनालती, ही पोरगी माझ्या घरात पायजे.

हितं वखारीत तंबाखूचं काम जोरात हाय. तुजं दाजी रातीला खोकत्यात. बाकी ठीक.

आक्का

—

बेळगाव
३ डिसेंबर १९७८

ती. आक्का व देवाप्पा अण्णा यांस,
सविनय जयभीम.

आनंदाची बातमी आहे. माशांनी काल अंडी घातली!

पद्धत मी स्वतः विचार करून काढली. हे मासे ज्या देशातले, तिथं पावसाचं गार पाणी नदीत आलं की ते अंडी घालतात. म्हणून आठवडाभर त्यांना गांडुळं खाऊ घातली, नळीनं पाणी चांगलं कोमट ठेवलं आणि काल एकदम आडाचं गार पाणी ओतायला सुरुवात केली. अंजना ओतत होती, मी निरीक्षण करत होतो. गार पाणी तापलेल्या नळीवर पडलं तेव्हा ती एकदा ‘टच्’ अशी वाजली, पण बंद पडली नाही. काम चोख झालंय म्हणायचं!

दुपारी मादी पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून तिच्यात अंडी धरून हिंडत होती. जागा शोधायची, काच तोंडानं स्वच्छ करायची आणि अंडी चिकटवायची. साबुदाण्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसू नका.

आता एक तक्रार. अंजनाला तुम्ही काट्याबिट्याचं काही लिहिलंत का? कालपासून ती म्हणते पाणी चावतं. आई लगेच तिच्या बाजूनं. घरात एवढी वर्षं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि माझ्याच घरातल्या बायका पाण्यात भूत बघतात. तुम्ही मोठ्या आहात, दोन शब्द लिहा.

आपला,
धर्मराज

—

बेळगाव
१० डिसेंबर १९७८

ती. आक्का,
जयभीम.

यांनी तुला लिहिल्याचं मला कळलं. मी भूतबीत काही म्हटलेलं नाही.

झालं ते असं. अंडी घातली त्या दिवशी संध्याकाळी मी काचेवरची शेवाळ पुसायला हात घातला. बोटांत मुंग्या आल्या. वाटलं हात अवघडला असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तसंच, मनगटापर्यंत. सकाळी घातला तर काही नाही. मासा जवळपाससुद्धा नव्हता, त्यामुळं काटा म्हणावा तर तेही पटत नाही.

मी यांना सरळ विचारलं, “अहो, करंट तर नसेल?”

हे हसले. म्हणाले, “करंट असता तर आधी मासे मेले असते. ते बघ, मजेत आहेत.” आणि माझ्यादेखत कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे राहिले. बोटं हलवून दाखवली. “आता बोल.”

काही झालं नाही त्यांना. उलट मलाच समजावलं, गरोदरपणी शिरांवर ताण येतो, हातापायांत मुंग्या येतात, पुस्तकात दिलंय. मायेनंच बोलले आक्का, रागानं नाही. त्यामुळं जास्तच अवघड झालं.

अंड्यांवर पांढरी बुरशी धरली आणि ती वाया गेली. हे दोन दिवस जेवले नाहीत. आता पुन्हा गांडुळं आणि पुन्हा गार पाणी सुरू आहे.

अंजना

—

निपाणी
१६ डिसेंबर १९७८

चि. अंजना,
आशीर्वाद.

तुजं पत्र तीनदा वाचलं. एक इचारते, खरं सांग. धर्मराज हात उगारतो काय गं?

रागावू नगंस. मी बालवाडीत बाया बघते. एकीच्या हाताला डाग असतो तर ती म्हनती चूल लागली. दुसरी म्हनती दारात हात गावला. पाणी चावतं आसं कोन म्हनत न्हाय, पन तू लहानपनापासनं गोष्ट लपवायची म्हंजे कायतरी येगळंच सांगायचीस. म्हनून इचारलं. मास्तर मानूस हाय, सभेत ग्वाड बोलतो, खरं दार लावल्यावर कोन कसा आसतो ते आतल्यालाच ठावं.

तसं काय आसंल तर एक कारड टाक, ‘आई आठवती’ एवढंच लिव. दाजी दुसऱ्या दिवशी गाडीत बसत्यात.

आनि तसं नसंल तर डाक्टरला हात दाखव. डिंकाचं लाडू धाडते.

आक्का

—

बेळगाव
२४ डिसेंबर १९७८

ती. आक्का,

लाडू पोचले. आई मला आठवते, पण तू म्हणतेस तशी नाही. हे कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. तसं मनात आणू नकोस, माझी शपथ.

पण मला भीती वाटते हे खरं. परवा संध्याकाळी फरशी पुसून मी टाकीतली मेलेली पानं काढायला गेले. कुणीतरी कोपराला धरून ओढावं तसा हिसका बसला. मी मागं पडले. पोटाला लागलं नाही, पण बाळ बराच वेळ हललं नाही आणि तेवढ्या वेळात मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. आत्याबाई धावत आल्या. माझं डोकं मांडीवर घेऊन पोटावर हात ठेवून बसल्या. बाळानं पाय मारला तेव्हा त्याच आधी रडल्या.

त्यांनी मनाशी एक धरलंय. टाकीतली मोठी मादी पुन्हा अंड्यांवर आलीय. त्या म्हणतात, “दोघी पोटुशा एका घरात, एका पाण्यात हात. तिला तू खपत न्हाईस पोरी. आदली अंडी गेल्याचा राग तुज्यावर काढती.” हे ऐकून हे आईवर पहिल्यांदा चिडले. म्हणाले, “आई, यल्लम्मा सोडली आणि आता मासोळीला देव्हाऱ्यात बसवतेस?” त्या उठून चुलीकडं गेल्या. मला मासोळीचा राग खरा वाटत नाही आणि यांचं ‘काही नाही’ पण खरं वाटत नाही. या दोन्हींत मला काही जागाच राहिलेली नाही बघ.

उद्या हे धारवाडला शिक्षकांच्या शिबिराला जातात, आठवडाभर. काल त्या मादीनं अंडी घातली, या खेपेला चांगली दिसतात. मला सांगून ठेवलंय, संध्याकाळ झाली की नळी चालू करायची, पिल्लं गारठता कामा नयेत. मी हो म्हटलं. हात घालणार नाही, बटण तेवढं दाबीन.

अंजना

—

निपाणी
७ जानेवारी १९७९

चि. अंजना,

तुज्याकडनं येऊन पाच दिस झालं, माझं चित्त थाऱ्यावर न्हाय. लक्ष्मीबाई अशी जाईल आसं वाटलं न्हवतं. तार आली तवा दाजींनी वाचली आनि मला वाटलं तूच गेलीस. देवा, तू न्हाईस म्हनून मला क्षनभर बरं वाटलं, ते पाप मी कुठं फेडू?

डाक्टर म्हनाले हार्ट. हार्ट तर हार्ट. पन मी तुजी भैन हाय, हे ध्यानात ठेव. मयतापाशी बायकांनी आंगोळ घालाय घेतली तवा तू सासूचा उजवा हात सोडला न्हाईस. बोटं मुठीत धरून बसलीस. मी म्हनले, मी धुते, तर तू माझ्याकडं आशी बघितलीस, जशी मी वळखीची न्हवं. आनि सगळ्यांस्नी सांगितलंस, आत्याबाई चुलीपाशी पडल्या. चूल तर गार हुती. त्या संध्याकाळी चूल पेटलीच न्हवती, शेजारच्या अंबुबाईनं मला सांगितलं.

धर्मराज धारवाडवरनं आला आनि भित्तीला टेकून बसला. एक थेंब काढला न्हाई डोळ्यातनं. पुण्यानुमोदनाच्या दिशी लोकं जेवत हुती तवा आत जाऊन माशांस्नी खायाला घालत हुता.

काय झालं हुतं?

आक्का

—

बेळगाव
१४ जानेवारी १९७९

ती. आक्का,

तू विचारलंस म्हणून लिहिते. वाचून चुलीत टाक.

आत्याबाई चुलीपाशी नव्हत्या. टाकीपाशी होत्या.

त्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि अंबुबाईकडं ताक आणायला गेले. बोलत बसले, थोडा उशीर झाला. येऊन बघते तर त्या टाकीखाली कुशीवर पडलेल्या. उजवा हात कोपरापर्यंत ओला, जवळ पितळी तांब्या आणि तांब्याबाहेर ती मोठी मादी, फरशीवर, अजून तोंड उघडझाप करत होती. मी नसताना त्यांनी ती काढली होती. आडात नेऊन सोडायचा विचार असणार. माझ्यापासून लांब.

मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग त्यांना हात लावला. असं का केलं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पण हात बटणाकडं गेला, म्हणजे मला माहीत होतं ना आक्का? कुठंतरी माहीत होतं.

त्यांच्या पहिल्या दोन बोटांवर तपकिरी डाग होते, भाजल्यासारखे. तेच मी मुठीत धरले होते. मी फरशी पुसली, हात पुसला, मासा परत पाण्यात टाकला, त्यांना ओढत चुलीपाशी आणलं आणि मग ओरडले. पोट घेऊन कसं ओढलं ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली आणि लिहून दिलं.

यांना काही झालं नाही आणि आम्हालाच का, याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. हे धारवाडहून आले, आईपाशी बसले आणि मग उठून टाकीकडं गेले. मी त्यांच्या पायाकडं बघितलं. टाचांना भेगा आहेत म्हणून हे घरात रबरी सपाता घालतात. फरशीला यांचा पाय लागतच नाही, मासे तर पाण्यातच. आम्ही दोघी अनवाणी, ओल्या शहाबादीवर.

नळी मी टाकीतून काढून ठेवलीय. उजेडात धरली की केसासारखा तडा दिसतो, खालपासून वरपर्यंत. यांना म्हटलं, फुटली, कचऱ्यात टाकली. खरं म्हणजे जोंधळ्याच्या कणगीत पुरलीय.

सांगू का नको? पिल्लं निघालीत आक्का. हे सगळ्यांना सांगतात, आई गेली त्याच दिवशी पिल्लं निघाली. त्याचाच आधार धरलाय यांनी. मी बोलले तर यांच्याजवळ काय राहील?

अंजना

—

निपाणी
१९ जानेवारी १९७९

चि. अंजना,

पत्र जाळलं. दाजींस्नी सांगितलं न्हाय.

सांगू नगंस. ऐक माझं. गेलेली परत येत न्हाय. ज्या पोरानं आईला सभेत पुढं बसवून भाषन केलं, त्याला आसं सांगितलंस तर तो उभा ऱ्हानार न्हाय. आनि तुज्या पोटात त्याचं लेकरू हाय, त्याला बाप पायजे. ती नळी आडात टाक. त्याला म्हनावं, आता थंडी सरत आली, तापवायचं कशाला. मासं हळूहळू मरतील, आपोआप संपंल.

तू लपवलंस ते बरं केलंस. मी बी हेच केलं आसतं.

फेब्रुवारीच्या म्हैन्यात दाजी न्यायला येतील. तंवर तोंड घट्ट धर.

आक्का

—

बेळगाव
५ फेब्रुवारी १९७९

ती. आक्का,

तुझं ऐकलं होतं, दोन आठवडे. मग मला बोलावं लागलं.

शनिवारी हे शाळेतून आले ते उत्साहात. आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. म्हणाले, प्रदर्शनात आता आपली एकच टाकी नाही. पैदाशीची पिल्लं वर्गातल्या पोरांना वाटली, प्रत्येकाला नळी करायला शिकवली, शाळेच्या परीक्षानळ्या दिल्या. पोरं आपापल्या घरी मासे वाढवतायत. “आणि कोमट पाण्यात गार पाणी ओतायची माझी युक्तीही शिकवली,” म्हणाले.

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मला पोरं नाही दिसली आक्का, त्यांच्या घरातल्या बायका दिसल्या. संध्याकाळी फरशी पुसून झाल्यावर, ‘आज पोराच्या टाकीची काच पुसावी’ म्हणून हात घालणाऱ्या.

मी हात धुतले. कणगीतून नळी काढली. बादलीत आडाचं पाणी घेतलं, नळी तिच्यात सोडली आणि यांना म्हटलं, “तुमच्या पेटीतला टेस्टर आणा.”

“फुटली म्हणाली होतीस ना?”

“टेस्टर आणा. पाण्याला हात लावू नका.”

त्यांनी वायर जोडली. बटण दाबलं. टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं. दांड्यातला तो मोहरीएवढा दिवा लागला. लाल.

ते बघत राहिले. टोक बाहेर काढलं, दिवा विझला. परत बुडवलं, परत लागला. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. वर्गात पोरांना दाखवतात तसं. मी बटण बंद केलं आणि मग सगळं सांगितलं. तांब्या, बोटं, चूल, सगळं.

त्यांनी एवढंच म्हटलं, “तू मला आधी का नाही—” आणि तिथंच थांबले. कारण मी सांगितलं होतं. सांगितलं होतं ना मी?

मी ‘असू दे’ म्हणायला पाहिजे होतं बहुतेक. म्हटलं नाही. त्यांनी सायकल काढली, पोरांच्या नावांचा कागद खिशात घातला आणि गेले.

दाजींना या आठवड्यातच पाठव. मला इथं बसवत नाही.

अंजना

—

बेळगाव
२५ फेब्रुवारी १९७९

प्रिय अंजना,

तू निपाणीला गेल्यापासून रोज पत्र लिहायला बसतो आणि कागद तसाच राहतो. आज लिहितो, कारण आज काम संपलं.

तू सांगितलंस त्याच संध्याकाळी निघालो होतो. शहरातल्या पोरांच्या घरी दोन दिवसांत जाऊन आलो. नळ्या गोळा केल्या. दोघांच्या नळीला तडा होता. एका घरात आजी म्हणाली, “व्हय मास्तर, मला बी वाटतंय पानी झिनझिनतं, खरं सून म्हनती म्हातारीचं कायतरीच.” मी त्या सुनेकडं बघू शकलो नाही.

प्रदर्शनात टाकी मांडली नाही. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बाहेर बोलू नका. मी म्हटलं, बाहेरच बोलायचंय.

एक पोरगा राहिला होता, उचगावचा भरमू. तेव्हापासून शाळेत आला नव्हता. निरोप धाडला, उत्तर नाही. दोनदा उचगावला जाऊन आलो, दोन्ही वेळा कुलूप, सगळे शेतावरच्या खोपीत राहायला गेलेले. तिथं वीज नाही म्हणून मी मनाला समजावत होतो. काल कळलं, परत घरी आलेत. आज पहाटेच्या गाडीनं गेलो.

दार उघडं होतं. सोप्यात बाकावर टाकी, भिंतीच्या बटणाला वायर. भरमूची आई, जयाबाई, नुकता सोपा सारवून उठली होती. सारवलेली जमीन ओली, तिचे पाय ओले आणि हात पाण्याच्या दिशेनं निघालेला. मी दारातून ओरडलो. ती दचकून वळली. मी उंबरा ओलांडून आत गेलो आणि वायर ओढून काढली.

त्या घरात मी याआधी कधी उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. भरमूचे वडील दोनदा मला अंगणातच बसवून बोलले होते, चहा वेगळ्या कपातून आला होता. मी मनावर घेतलं नव्हतं, घेत नाही. आज मी न विचारता, चिखलाच्या पायांनी तिच्या ओल्या सारवणावरून गेलो होतो. माझ्या पावलांचे ठसे उठले होते.

जयाबाई भडकली. “मास्तर, ही कुठली रीत? तुमीच पोराला करायला शिकवलंसा, तुमीच वडून काढतासा?”

मी सांगितलं, यानं माणूस मरतं.

“कुनी सांगितलं?”

“माझी आई यानं गेली,” मी म्हटलं. “ही वस्तू मी केली होती. बायकोनं सांगितलं होतं, पाण्यात करंट आहे. मी तिला हसलो.”

अंजना, हे मी मनात हजार वेळा म्हटलं होतं, पण तोंडातून आलं ते त्या परक्या बाईसमोर. आईच्या सरणापाशी जे आलं नाही ते सगळं तिथं आलं. मी रडत उभा होतो आणि बाहेर बाया जमायला लागल्या होत्या.

जयाबाई आत गेली, पाट आणला आणि माझ्या ठशांच्या शेजारी मांडला. “बसा,” म्हणाली. मी बसलो. तिनं आपल्याच तांब्यातून पाणी दिलं.

तुला काय मागू? क्षमा मागायला हक्क लागतो. एवढंच सांगतो, उरलेले मासे शाळेच्या टाकीत सोडले, तिथं वीज नाही. टाकीची खोली रिकामी आहे. येऊ का, एवढं कळव.

तुझा,
धर्मराज

—

निपाणी
१८ मार्च १९७९

अहो,

मंगळवारी सकाळी मुलगी झाली. वजन चांगलं आहे, रंग तुमच्या आईचा आहे, आणि रडताना कपाळाला तशीच आठी पडते. आक्का म्हणते, नाव लक्ष्मी ठेवू नका, जड जाईल. मी अजून ठरवलं नाही.

तुमचं पत्र मी आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी तुला गप ऱ्हा म्हनलं हुतं.” दुसऱ्या दिवशी बालवाडीतल्या बायकांना तिनं स्वतः बसवून सगळं सांगितलं, आपल्या घरात झालं म्हणून, नाव न लपवता.

मला अजून पाण्याची भीती वाटते. बाळाला न्हाऊ घालायला आक्का बसते. पाणी घमेल्यात असतं, चुलीवर तापवलेलं, मला समजतं. तरी हात पाण्यापर्यंत जातो आणि थांबतो. काल बाळ खूप रडत होतं आणि आक्का बाहेर गेली होती, तरी मी घातला नाही. तिला तसंच रडू दिलं. हे मी तुमच्यावर राग म्हणून लिहीत नाही, आहे तसं लिहिते.

या. पण लगेच समजूत घालायला लागू नका. मी सांगेन, पहिल्यापासून, पुन्हा एकदा, आणि तुम्ही मधे बोलायचं नाही. ते झालं की मग बाळाला मांडीवर घ्या.

अंजना